टोळीचा लोहार

पुण्यात दर शनिवारी रात्री जेवणं आटोपली की माझा भाचा लोहार होतो. एरवी तो एका कंपनीत संगणकासमोर बसून पगार घेतो आणि घरातल्या खुर्चीचा स्क्रू ढिला झाला तर सोसायटीच्या वॉचमनला हाक मारतो. पण शनिवारी रात्री त्याच्या अंगात एक दणकट, दाढीवाला, बोलायला तुसडा कारागीर संचारतो. मग तो एका भाडोत्री पलटणीच्या तलवारींची, चिलखतांची, गाड्यांच्या चाकांची काळजी वाहतो. ही पलटण कुठल्याशा काल्पनिक राज्याच्या सरहद्दीवर लढते. तिच्यात एक तिरंदाज आहे, एक जादूगार आहे, जखमा बऱ्या करणारी एक पुजारीण आहे, दोन तलवारबहाद्दर आहेत. आणि हा. नाव त्यानं ठेवलंय ऐरणनाथ. मला आधी तो नाथपंथी वाटला. मच्छिंद्रनाथांची समाधी आमच्याच बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या सावरगावला आहे, तेव्हा म्हटलं, पोरगं उशिरा का होईना वळणावर आलं. तसं काही नव्हतं.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी १९७४ साली तो पहिल्यांदा बाजारात आणला. याला पट लागतोच असं नाही, आणि शेवटी कोणी जिंकत नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र होऊन बोलतात, आणि कुठं अडलं की वीस बाजूंचा फासा टाकून निकाल लावतात. बसल्या जागचं सोंगी भारूडच म्हणा, फक्त शेवटी बोध नाही. हे सहा जण कधी एका खोलीत बसतात, कधी आपापल्या घरून पडद्यावर दिसतात, आणि रात्री दोनपर्यंत एका गुहेच्या तोंडाशी वाद घालतात. गुहेत शिरायचं की नाही, यावर.

भाच्यानं लोहाराचं पात्र काही फार विचार करून घेतलेलं नाही. पहिल्या बैठकीला तो उशिरा पोचला. तोवर शूर, देखणे, गूढ असे सगळे संपले होते. सरदार झाला, जादूगार झाला. गोष्ट सांगणारी मुलगी म्हणाली, पलटण आहे तर तिचा कारागीरही कोणीतरी हवा. हा म्हणाला, चालेल. जगात बहुतेक लोहार असेच झाले असणार.

त्यानंतर मला फोन यायला लागले. मी युसूफ वडगावला राहतो. केज तालुक्यातलं, मांजरेच्या खोऱ्यातलं, पोलीस ठाणं असलेलं गाव. शाळेत इतिहास शिकवण्यात हयात गेली. तरी भाच्याला माझ्या इतिहासाशी कर्तव्य नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की मामाच्या गावात भाता अजून चालू आहे आणि मामा संध्याकाळी तिथं जाऊन बसतो. पहिला प्रश्न आला तो असा: "मामा, तुटलेली तलवार जोडता येते का हो?"

मी तो प्रश्न तसाच आमच्या लोहाराकडे नेला. त्याला सगळं गाव दादा म्हणतं. मला वाटलं होतं, हसेल. तो हसला नाही. हातातला फाळ विस्तवात सरकवत म्हणाला, "कुठून मोडली?"

कामातल्या माणसाचा पहिला प्रश्न हा असा असतो. डॉक्टर विचारतो तसा. मी तिथूनच पुण्याला फोन लावला. कुठून मोडली? भाच्यानं हा विचारच केला नव्हता. त्यानं गोष्ट सांगणाऱ्या मुलीला विचारलं, तिनंही केला नव्हता. शेवटी फासा टाकला आणि तलवार मुठीपाशी मोडली असं ठरलं. दादाला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "मुठीपाशी मोडली म्हंजे तिथं पाणी जास्ती बसलं हुतं. जोडू नका म्हणावं. पुन्ना तिथंच मोडंल, अन् त्या टायमाला गडी मरंल. पात्याचे दोन सुरे करा." मी शब्दशः कळवलं. त्या रात्री पलटणीला दोन सुरे मिळाले आणि भाच्याची पत वाढली. काल्पनिक राज्याच्या सरहद्दीवर युसूफ वडगावचा सल्ला चालला, हे इथं नोंदवून ठेवतो. ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात ते येणार नाही.

पुढं मला त्या खेळाच्या नियमांची गोडी लागली. भाच्यानं २०१४ सालचं नियमपुस्तक पाठवलं. त्यात लोहाराच्या हत्यारांची किंमत आहे २० सोन्याची नाणी आणि वजन आहे ८ पौंड, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. हे मी भात्यापाशी वाचून दाखवलं. दादानं एकदा ऐरणीकडे पाहिलं, एकदा घणाकडे पाहिलं. "ऐरण घरीच ठिवून गेला काय मग?" साडेतीन किलोत काय बसतं याचा हिशेब आम्ही दोघांनी मिळून केला: एक हातोडा, एक सांडशी, एक कानस, एखाददुसरी छिन्नी. भाता नाही, ऐरण नाही, कोळसा नाही. एवढ्या सामानावर माणूस लोहार होत नाही, फार तर लोहाराचा पाहुणा होतो.

त्याच पुस्तकात असंही आहे की कारागीर दिवसाला ५ नाण्यांच्या किमतीचं काम करतो. लांब तलवारीची किंमत १५ नाणी, म्हणजे तीन दिवस. ते ठीक. पण पूर्ण पोलादी चिलखताची किंमत १५०० नाणी, तेव्हा एकट्या माणसाला ते घडवायला ३०० दिवस लागतात. ऐरणनाथानं सरदारासाठी चिलखत घडवायला घेतलं असतं तर ते होईपर्यंत सगळी मोहीम संपून पलटण आपापल्या घरी गेली असती. दादाला मात्र हा नियम पटला. म्हणाला, "बरोबर हाय. ज्येला घाई हाय त्येनं चिलखत सांगूच नाही."

खरी अडचण केली ती जादूगारानं. त्याच्याकडे वस्तू सांधण्याचा एक मंत्र आहे. एक मिनिट पुटपुटलं की एक फुटापर्यंतची चीर किंवा मोड सांधली जाते. तुटलेली साखळी, फाटलेली पखाल, किल्लीचे दोन तुकडे, काहीही. कोळसा लागत नाही, घाम येत नाही, पैसे पडत नाहीत. जादूगारानं भर बैठकीत विचारलं, मग हा लोहार आपण पोसतो कशाला? भाचा रात्री साडेबाराला मला फोन करून हे सांगत होता, आणि त्याच्या आवाजात नोकरी जाण्याची धास्ती होती. खऱ्या नोकरीबद्दल तो कधी इतक्या कळकळीनं बोललेला मी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "सांधलं म्हंजे धार आली का?"

नियमपुस्तक पुन्हा काढलं. मंत्रानं मोड सांधते, एवढंच लिहिलंय. धारेचा उल्लेख नाही. ऐरणनाथाची नोकरी वाचली ती या एका प्रश्नावर.

धार म्हणजे काय असतं ते पाहायचं असेल तर भाद्रपद संपता संपता आमच्या भात्यावर यावं. तेव्हा तिथं फाळ आणि खुरपी मागं पडतात आणि कोयते पुढं येतात. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा आणायचा, त्याचे तुकडे पाडायचे. तुकडा बाभळीच्या कोळशात पिवळसर होईतो तापवायचा आणि ऐरणीवर ठोकून पसरायचा. पूर्वी कातड्याचा भाता ओढायला घरातलं पोर बसायचं. आता विजेवरचा पंखा आहे, आणि वीज गेली की तेच पोर, आता बाप झालेलं, हातानं पंखा फिरवतं. आकार आला की घाई संपते. पाणी द्यायच्या वेळी लोखंड पिवळं चालत नाही, तांबड्यावरच काढावं लागतं. जरा जास्त तापलं तर धार ठिसूळ होऊन उसाच्या कांड्यावर तुकडा उडतो. कमी तापलं तर धार वळते. दादा यासाठी कुठलं यंत्र वापरत नाही. भात्यावर छपराची सावली मुद्दाम दाट ठेवलेली आहे, कारण उन्हात तांबड्या रंगाचा अंदाज चुकतो. मग तो कोयत्याची फक्त धारेकडची बोटभर कड पाण्यात धरतो. पाठ कोरडी राहते, मऊ राहते. "धारंनं कापायचं, पाठीनं सोसायचं," एवढं तो बोलतो आणि पुढच्या तुकड्याला लागतो. गार झाल्यावर कानस फिरवून बघतो. कानस घसरली तर धार कडक झाली, चावली तर पुन्हा विस्तवात. शेवटी मुठीजवळ पोगरानं तीन टिंबं ठोकतो. ती त्याची सही.

आणि मूठ बसवण्याआधी तो गिऱ्हाइकाचा हात बघतो. डावखुरा असेल तर धारेचा उतार दुसऱ्या अंगानं काढावा लागतो. बाईसाठी असेल तर पातं जरा हलकं, कारण ती दिवसभर तोडून पुन्हा मोळ्या वाहणार आणि कोपीवर जाऊन भाकरी थापणार. मी भाच्याला विचारलं, तुझ्या पलटणीत डावखुरं कोण आहे? त्याच्या खेळात प्रत्येक पात्राचा एक तक्ता असतो. त्यात बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप यांचे आकडे असतात. डावा-उजवा हात लिहायला रकाना नाही. सहा जणांना शस्त्रं पुरवणारा हा माणूस सहा महिने एकाही हाताकडे न बघता काम करत होता.

हे कोयते कुठं जातात ते वेगळं सांगायला नको. आमच्या जिल्ह्यातून दर साली ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर अर्धा कोयता. मुकादम कारखान्याशी किंवा वाहनमालकाशी बोलतो ते इतक्या कोयत्यांची टोळी देतो असंच. आगाऊ रक्कम देतो ती उचल. दसरा-दिवाळी झाली की बैलगाडीवर, ट्रॅक्टरवर संसार चढतो. माणसं, शेरडं, कोंबड्या, पाण्याची टाकी, धाकटं पोर. उन्हाळ्यात पट्टा पडला की परत. एखादा दिवस आजारात गेला तर खाडा धरला जातो. मी या माणसांना उगाच शूरवीर म्हणणार नाही. त्यांना ते आवडत नाही, आणि शूर म्हटल्यानं उचल फिटत नाही. पण पलटण म्हणून पाहायचं तर भाच्याच्या त्या सहा जणांपेक्षा ही पलटण फार खरी आहे. करार आहे, नायक आहे, आगाऊ पगार आहे, तळ आहे, आणि प्रत्येकाच्या हातात पोलाद आहे.

शिवाजी महाराजांच्या फौजेची वहिवाट सभासदानं आपल्या बखरीत दिली आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीला यायचं, दसरा झाला की बाहेर पडायचं आणि आठ महिने परमुलखात काढायचे. निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूचा जाबता व्हायचा, परत आल्यावर तो ताडून पाहायचा. पुढच्या काळात मोहिमेआधी स्वारांना रोख आगाऊ रक्कम मिळे, तिला नालबंदी म्हणत. घोड्याला नाल ठोकून घ्या आणि निघा, म्हणून दिलेली ती रक्कम. नाल किती रुपयांची आणि नालबंदी किती रुपयांची, हा हिशेब कोणी विचारत नव्हतं. आज मुकादमाची उचल लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात जाते आणि नवा कोयता दादाकडे उधारीवर होतो. ही जुनीच रीत आहे, असं दादा म्हणतो. त्याला नालबंदी माहीत नाही, उधारी माहीत आहे.

बखरीतच अठरा कारखान्यांची यादी आहे. तोफखाना, दारूखाना, जिरातखाना, पीलखाना, अशी. वर्गात मी ती पाठ करून घेत असे आणि पोरं ती शरबतखान्यापाशी हमखास हसत. अठरा खाती आणि त्यांतल्या बऱ्याच खात्यांत दिवसभर ठोकाठोक चाललेली असणार. पण त्यातल्या एकाही लोहाराचं नाव मला वर्गात सांगता आलं नाही. आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात परंड्याचा किल्ला आहे. विजापूरची मुलूखमैदान तोफ आधी तिथं होती. ती अहमदनगरला १५४९ साली मुहम्मद बिन हसन रूमी यानं ओतली. हे नाव टिकलं त्याचं कारण ते तोफेवरच आहे. ज्यानं ओतली त्यानंच लिहून ठेवलं, दुसऱ्यावर विसंबून राहिला नाही. महादजी शिंद्यांच्या फौजेला आग्र्यात तोफा ओतून देणारा सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर होता. दहा रुपयांत तो युरोपी बंदुकीच्या तोडीची बंदूक करून देई, असं इंग्रज लेखकांनी लिहून ठेवलंय. त्याच्या हाताखाली घण मारणारे कोण होते, ते लिहिलेलं नाही. आग्र्याचेच असणार, आणि उन्हाळ्यात काम करणारे असणार.

पानिपताच्या गोष्टीत तर या मंडळींवर उलटाच आरोप आहे. १७६० च्या मार्चमध्ये भाऊसाहेबांची फौज आमच्या मराठवाड्यातल्या परतूरहून उत्तरेला निघाली. बरोबर न लढणारी माणसं फार होती, त्यांनी धान्य खाल्लं, फौज जड झाली, असं आम्ही मास्तर लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्यात यात्रेकरू होते, व्यापारी होते, हे खरंच. पण घोड्याचा नाल बसवणारा, तोफेच्या गाड्याचं चाक भरणारा, जीन शिवणारा, तलवारीला शिकल करणारा शिकलगार, हेही त्याच गर्दीत मोजले गेले. यमुनेच्या काठी चाक निखळल्यावर ओझं कोण आणि आधार कोण, हे त्या गाडीवानाला विचारायला हवं होतं.

आमच्याजवळचं उदाहरण अंबाजोगाईचं. निजामाच्या काळात तिला मोमिनाबाद म्हणत आणि तिथं हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ साली हे कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झालं आणि त्याच्या रिसाल्यांना डेक्कन हॉर्स वगैरे नावं मिळाली. त्यातल्या एका रिसाल्यानं १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर भाले घेऊन घोडे घातले. यंत्रतोफांच्या जमान्यात भाले. ते पुस्तकात येतं, चित्रात येतं. पण घोडा म्हटला की महिना-दीड महिन्यानं नाल बदलावा लागतो. एका रिसाल्यात कितीतरी घोडे, प्रत्येकाचे चार पाय. मोमिनाबादेत नालबंदाची ऐरण दिवसभर वाजत असणार. एवढा गणिताचा भाग इतिहासात कुणी घेत नाही. मीही परीक्षेला कधी विचारला नाही, कारण पोरांनी उत्तर बरोबर लिहिलं असतं आणि मला तपासता आलं नसतं.

सैन्यानं स्वतः मात्र हा हिशेब उशिरा का होईना मांडला. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे आणि मोटारी इतक्या झाल्या की दुरुस्तीची वेगळी फौजच उभी करावी लागली. हिंदी सैन्याची ती शाखा १९४३ साली निघाली, तिचा दिवस १५ ऑक्टोबर. आज तिचं नाव इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स, आणि ब्रीदवाक्य आहे 'कर्म ही धर्म'. पुण्यात खडकीला सैन्याचा मोठा बेस वर्कशॉप आहे. भाचा रोज त्याच भागातून कामावर जातो आणि तिथं ट्रॅफिक फार असतं अशी तक्रार करतो. सैन्यात आजही बूट आणि पट्टे दुरुस्त करणाऱ्याचं स्वतंत्र पद आहे. गावातली पोरं भरतीला धावतात तेव्हा सगळ्यांना हातात बंदूक हवी असते, ते साहजिकच आहे. पण बर्फात बुटाचा तळ सुटला की बंदुकीचा नेम कुठं लागणार?

भाच्याच्या खेळात राक्षस मारला की गुण मिळतात, गुण साठले की पात्र वरच्या पायरीवर जातं. चाक भरल्याबद्दल गुण नाहीत. एका शनिवारी बाकीच्यांनी नदीकाठी कुठल्या सरड्यासारख्या माणसांशी तीन तास लढाई केली आणि ऐरणनाथ मागं रसदगाडीचा आस बदलत होता. सगळ्यांना गुण मिळाले, याला भोपळा. तो हिरमुसला. मी हा अन्याय भात्यावर मांडला तर दादाला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याच्या आज्यानं गावाच्या आउतांची डागडुजी वर्षभर केली आणि खळ्यावर बलुत्याची रास घेतली. पीक आलं तर रास, नाही आलं तर मूठ. फाळ किती शेवटले, याची मोजणी नव्हती. पीक किती आलं, यावर वाटा. "त्येनला म्हणावं बलुतं लावा," दादा म्हणाला. "लढा तुमी, पण लुटीत ह्येचा वाटा आधी काढा. नाय तर बसा कानस घासत."

भाच्यानं हा ठराव पलटणीपुढं मांडला. दोन्ही तलवारबहाद्दरांनी लगेच मान्य केला, कारण त्यांचं शस्त्र त्याच्या हाती होतं. तिरंदाज म्हणाली, माझ्या बाणांची टोकं धर. पुजारीण म्हणाली, देवस्थानाला सूट असते. जादूगारानं साफ नकार दिला: माझ्या काठीला धार लागत नाही. भांडण रात्री एकपर्यंत चाललं. मला हे ऐकून फार बरं वाटलं. बलुत्यावरून भांडण होत नसेल तर ते गावच नव्हे, मग पलटण कुठली. शेवटी लुटीचा दहावा हिस्सा कारागिराला, आणि जादूगाराची कुठलीही वस्तू मोडली तर रोखीनं दुरुस्ती, असं ठरलं. पंधरवड्यात जादूगाराच्या पेटीचं कुलूप बिघडलं. त्यानं मंत्र टाकला. कुलूप सांधलं गेलं, पण किल्ली फिरेना. आत कमान उलटी बसली होती. ऐरणनाथानं तीन नाणी आधी घेतली.

दादाच्या मते पोरगं आता कामाला लागलंय.

त्याच्या धंद्यापुढं काही मंत्र खरेही आले आहेत. चार वर्षांपूर्वी ऊस तोडणारं हार्वेस्टर यंत्र पाहायला आम्ही दोघं एका फडावर गेलो होतो. एवढं धूड चाललं की सगळा फड मोकळा. मला वाटलं, दादा गप्प होईल. तो यंत्राच्या खाली वाकून पात्यांकडे बघत राहिला आणि चालकाला म्हणाला, "ही पाती किती दिसानं बदलता?" चालक म्हणाला, लवकर झिजतात, कंपनीची महाग पडतात. दादानं झिजलेलं एक पातं मागून घेतलं. ते अजून भात्याच्या भिंतीला टांगलेलं आहे, आणि तसं पातं कमानीच्या पाट्यातून निघेल का, यावर त्याचं आणि त्याच्या मुलाचं एकमत होत नाही. मुलगा म्हणतो, निघेल, पण यंत्राच्या वेगाला टिकायचं नाही. बाप म्हणतो, पाणी द्यायला शीक, टिकेल.

माझं विचाराल तर पलटण काल्पनिक असो की उसाची, भरती करताना पहिला माणूस लोहार घ्यावा, मग सरदार. सरदार पुष्कळ मिळतात. आमच्या तालुक्यात तर निवडणूक लागली की मोजताही येत नाहीत.

राहता राहिली कामाची गोष्ट. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी भाता बंद. त्याआधीचा आठवडा टोळ्यांच्या कोयत्यांचा, तेव्हा तुमच्या विळीकडे बघायला कोणाला फुरसत नसते. विळी, खुरपं, अडकित्ता, जे काही बोथट झालं असेल ते पितृपक्षातच आणून टाका. पैसे रोख आणा. भिंतीवर क्यूआर कोड लावलेला आहे, पण तो धुरानं काळा पडलाय, स्कॅन होत नाही.